रत्नपालनं लिंपलेले दरवाजे

पाऊस उघडून बरेच दिवस झाले तरी केशोरी गावच्या सकाळी अजून ओल्याच होत्या. धानाच्या बांध्यांवर धुकं असं बसलेलं, की रस्त्यानं बैल येताना आधी घुंगरू ऐकू यायचं आणि मग शिंगं दिसायची. लवकर पिकणारं हलकं धान लोंबीवर आलं होतं. त्याचा कच्चा, दुधाळ वास रस्त्यापर्यंत पसरायचा. अशा दमट हवेत ट्रॅक्टर सुरू व्हायला कुरकुरतात, म्हणून रत्नपालच्या टिनाच्या दुकानापुढं सकाळीच बॅटऱ्या येऊन पडतात. त्या दिवशीही त्यानं बाकावर बॅटऱ्या मांडल्या होत्या आणि एकेकीची बुचं काढून, चोचीच्या बाटलीनं आत पाणी सोडत होता.

वायरिंगचं काम करणारा केशोरीत तो एकटाच. हे काम तो गोंदियाला शिकला. कुडव्याला मामाच्या घरी राहायचा, कोणाच्या तरी दुचाकीवर मागं बसून शहरात जायचा आणि दिवसभर उस्तादाच्या शिव्या खायचा. उस्ताद हिंदीतून शिव्या द्यायचा, शिकवायचाही हिंदीतूनच. "अबे, खोलके देखे बिना ग्राहक को कुछ मत बोल," हे त्याचं रोजचं. रत्नपालनं उस्तादाच्या हाताचं कसब उचललं. तोंड मात्र त्याचं स्वतःचं राहिलं. गाडी दुकानापुढं थांबायच्या आत तिला काय झालं हे तो सांगून मोकळा व्हायचा. समोर लीलाधरची चहाची टपरी, तिथं बसलेल्यांना ते आवडायचं. बहुतेक वेळा त्याचं खरंही निघायचं, आणि त्यामुळंच ती खोड गेली नाही.

धुकं विरत होतं तेवढ्यात गोवर्धनची चंदेरी गाडी आली. नागपूरवरून जुनी म्हणूनच घेतलेली, आता आणखी जुनी झालेली. गोवर्धन स्वतः चालवत होता. आपल्या बांध्यांमध्ये ट्रॅक्टर उलटा घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण ही गाडी त्याच्या हातात उड्या मारत यायची. थांबताना तिनं एक गचका दिला. आणि कोणी हात लावला नसताना दरवाज्यांची लॉकं एकदम पडली. टक्. परत उघडली. टक्. परत पडली.

"पाय, पाय हे कसं करते!" गोवर्धन आतूनच ओरडला. लॉकची बोंडी वर ओढून तो कसाबसा उतरला. "रत्नपाल, आज हे गाडी खोलून पाय. तोंडानं नको दुरुस्त करू."

"काय झालं जी?"

"काय झालं म्हनते! तुही वहिनी अटकली ना काल आपल्या अर्जुनीकडच्या प्रतापगडच्या पायथ्याशी. मागचा दरवाजा आतून उघडे ना, बाहेरून उघडे ना. सारे सोयरे बाहेर उभे. शेवटी पुढच्या दोन शिटायच्या मधातून निंगाव लागलं तिले. लुगडं गेअरात अटकलं."

टपरीवरून लीलाधरनं विचारलं, "मंग कोनता गेअर पडला, गोवर्धनभाऊ?"

"तू चहा ऊकर बे!"

पण लोक हसले तसा गोवर्धनही थोडा हसला. मग गंभीर होऊन खुर्ची ओढून बसला. "घरी आल्यावर मंदा म्हनते, आता याच्या मागच्या शिटावर म्या बसनार नाई, मेली तरी. आता त कोनी पाइपही मारत नाई गाडीवर. मंग काऊन होऊन राहिलं असं?"

पाइप हा शब्द ऐकताना रत्नपालला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

श्रावणात हीच गाडी याच दुकानापुढं उभी होती. तेव्हा लॉकं नुकतीच बिघडू लागली होती. दुकानात धानाच्या रोवणीच्या ट्रॅक्टरांची गर्दी, रत्नपालला मान वर करायला सवड नाही. गाडीकडं एक नजर टाकून तो म्हणाला होता, "तुमचा डायवर काचीवर पाइप मारून धुते. पानी दरवाज्यात जाते. लॉक मरनारच."

गोवर्धनचा ड्रायव्हर केवलराम तिथंच फडकं घेऊन उभा होता. साठीला टेकलेला, अंगानं काटकुळा. ही गाडी आली तेव्हापासून तोच चालवत होता. लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, कोर्टाच्या तारखा, सगळं त्यानंच वाहिलेलं. तो म्हणाला, "मी पाइप नाई मारत गा काचीवर. फडक्यानं पुसतो."

"काका, मिस्त्री मी हाव का तुमी?"

टपरी हसली. केवलरामनं फडक्याची घडी घातली. दुसऱ्या दिवशी गोवर्धननं त्याच्याकडून चाबी मागून घेतली, आणि पोट्टे त्याला 'पाइपवाला' म्हणू लागले. पूर्वी दुकानावरून जाताना केवलराम हॉर्नचा एक छोटा आवाज द्यायचा. तो हॉर्न रत्नपालनंच बसवून दिला होता. श्रावणापासून तो आवाज बंद झाला. दोन-चार दिवस रत्नपालच्या कानाला चुकल्यासारखं वाटलं, मग सवय झाली.

आता त्यानं फ्यूज काढून उजेडात धरला. ठीक होता. ड्रायव्हरच्या दरवाज्याची बोंडी दाबली, चारातले तीन दरवाजे बोलले. मागचा डावा, मंदाबाईचा, गप्प. त्याच्या तारेला दिवा लावून पाहिला तर वीज पोचत होती. म्हणजे आतली मोटरच जाम. आणि बाकीचे आपोआप टकटकत होते त्याचं मूळ ड्रायव्हरच्या दरवाज्यात. या जुन्या गाडीत तो दरवाजा मालक असतो. त्याच्या मोटरीत एक लहानसं बटन असतं, त्याचा हुकूम बाकीचे ऐकतात. मालकाचं डोकं फिरलं की सगळ्यांचं फिरतं.

"चहा पिऊन येतो," म्हणून गोवर्धन टपरीकडं गेला.

स्क्रू गाठायला रत्नपालनं ड्रायव्हरचा दरवाजा पूर्ण उघडला. आतून आवाज आला. खळ्. पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या गुंडीतून येतो तसा. त्यानं दरवाजा हळूच आत-बाहेर केला. खळ्, खळ्.

तो खाली वाकला. दरवाज्याच्या बुडाच्या कडेवरून बोट फिरवलं. कडक, खडबडीत असं काहीतरी हाताला लागलं. त्याच्या मध्ये एक खळगा होता. त्या खळग्यात त्याचा अंगठा बरोबर बसला.

मागच्या वर्षी मळणीच्या दिवसांत ही गाडी खळ्याच्या कडेला उभी असायची. उंदरांनी दरवाज्याची तार कुरतडली म्हणून ती रत्नपालकडं आली. त्यानं तारा जोडल्या आणि आत बोट घालून पाहिलं तर तळाशी धानाचे दाणे, कोंडा, उंदराच्या लेंड्या. मग त्याला बुडाची भोकं दिसली. प्रत्येक दरवाज्याला लांबट, गुळगुळीत कापलेली. ती कंपनीनंच सोडली आहेत हे त्याला कळलं होतं. कशाला सोडली असतील, एवढा एक प्रश्न त्यानं स्वतःला विचारला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण त्याला आठवली आपल्या आईची, रुक्माबाईची ढोली. बांबूच्या पट्ट्यांनी विणलेली ती धानाची ढोली रुक्माबाई दर साल शेणामातीनं अशी लिंपायची, की बुडाला सुईएवढी फट राहू द्यायची नाही. अंगठ्यानं दाबून दाबून माती बसवायची. उंदीर म्हटल्यावर दुसरं काही सुचायला रत्नपालचे हात कुठं शिकले होते? पाण्याच्या टाकीची गळती बुजवायचा राखाडी मसाला त्यानं मळला आणि चारही दरवाज्यांची भोकं आईसारखीच अंगठ्यानं दाबून बंद केली.

"कंपनीले का मालूम केशोरीचे उंदीर!" असं तो टपरीकडं पाहून म्हणाला होता. गोवर्धन एवढा खूश झाला, की गावभर सांगत सुटला. रत्नपाल डोकेबाज. कंपनीची चूक सुधारली त्यानं.

काचेवरून पावसाचं पाणी दरवाज्यात उतरतंच. सगळ्याच गाड्यांमध्ये उतरतं. ते खाली गळून जावं म्हणून ती भोकं. एवढं साधं.

त्यानं पेचकस लावून मसाला उचकटला. तो निघाला तसं काळपट पाणी भसकन त्याच्या पँटीवर आलं. पाण्याबरोबर कोंडा आला आणि मागच्या वर्षीचे दाणे आले. त्यातल्या काहींना कोंब फुटले होते, उजेड न पाहिलेले, पांढरे, दोऱ्यासारखे. रत्नपाल त्यांच्याकडं पाहत उकिडवा बसला. त्याचे कान तापले. टपरीकडं पाठ होती तरी सगळे आपल्याकडंच बघताहेत असं त्याला वाटलं. त्यानं मसाल्याचा तुकडा मुठीत घेतला आणि पायानं कोंब मातीत दाबले.

मग उरलेल्या दरवाज्यांचीही भोकं त्यानं भराभरा मोकळी केली. ते तुकडे खिशात गेले. दरवाज्याचा आतला पॅड काढला, प्लास्टिकचा पडदा सोडवला. आत गंजाची एक रेषा होती, तळ्याच्या काठावर असते तशी. पाणी तिथपर्यंत साचायचं आणि खड्ड्यात गाडी आपटली, की उडून मोटरीवर जायचं. मोटरीच्या जोडावर हिरवा बुरा चढला होता.

गोवर्धन मिशा पुसत आला. जमिनीवरचा ओहोळ त्यानं पाहिला.

"काय निंगलं?"

रत्नपालच्या दातांत पॅडच्या क्लिपा होत्या. "पानी," तो म्हणाला.

"पाय! म्हनजे तू म्हनला होता थेच खरं. तवाचंच पानी हे. बुढ्यानं सत्यानास केला गाडीचा."

इथं बोलायचं होतं. क्लिपा तोंडातून काढायला किती वेळ लागतो? रत्नपालनं त्या काढल्या नाहीत. 'हं' असा एक आवाज नाकातून आला, त्याचा कसाही अर्थ लावता आला असता.

"बरं झालं," गोवर्धन म्हणाला. "अर्जुनीच्या उदारामचा फोन आल्ता सकाळी. त्याले शाळेच्या गाडीवर डायवर पायजे. केवलराम त्याच्याकडं गेल्ता म्हने. कसा मानूस आहे म्हनून विचारून राहिला. मी म्हनलं, सांगतो दुपारपावतर. मनात म्हनलं, जाऊ दे, बुढा मानूस आहे, चांगलं सांगून देऊ. पन आता हे डोऱ्यानं पाहून खोटं कसं बोलू?"

त्यानं तिथंच फोन लावला. रत्नपाल दरवाज्याच्या पोटात हात घालून मोटरीचा स्क्रू फिरवत होता. स्क्रू कधीच ढिला झाला होता, तरी फिरवत होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता. नाई, चोर नाई जी, दारूही नाई. पन गाडी धुवाची अक्कल नाई. लॉक खराब करून ठेवले सारे. लेकरायच्या गाडीवर... पाहा बा तुमी.

फोन खिशात ठेवून गोवर्धन मोकळ्या मनानं म्हणाला, "चाल, थे झालं. आता मोटरा बदल. अना भोकं पुन्हा चांगले लिंपून देजो बरं. मळनी येऊन राहिली, उंदीर घुसतीन."

रत्नपालचा हात दरवाज्याच्या आतच थांबला. त्यानं क्लिपा थुंकल्यासारख्या हातावर काढल्या.

"नाई लिंपत जी."

"काऊन?"

"थे भोकं पानी निंगाले असतात."

"मंग?"

"पावसाचं पानी काचीवरून आत जाते, खालून गरून जाते. आपल्या गाडीत गरलं नाई. मी बुजवलं होतं." त्यानं खिशातून तुकडे काढून दाखवले. "केवलराम काकाचा काही दोष नाई. भोकं उघडे असते त पाइप मारला असता तरी पानी निंगून गेलं असतं."

गोवर्धननं एक तुकडा घेऊन उलटा-सुलटा केला. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यानं जे विचारलं ते रत्नपालला नको होतं.

"हे तुले कवा समजलं?"

"आत्ता."

"आत्ता म्हनजे कवा? फोनच्या आधी का फोनच्या नंतर?"

रत्नपाल हातावरच्या क्लिपा मोजू लागला.

"बोल ना बे! मी तिकडं त्या मानसाच्या पोटावर पाय देऊन राहिलो, अना तू दातात क्लिपा धरून ऐकून राहिला?" गोवर्धन चिडला तरी ओरडत नव्हता; टपरीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबत होता. त्याचंही तोंड उतरलं होतं. "घे. लाव फोन. माह्या फोनवरून लाव. तूच बोल."

उदारामनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे पाहा भाऊ, एक जन म्हनते दोष आहे, दुसरा म्हनते नाई. थे पन एकाच फोनवरून, एकाच घंट्यात. मले लेकरं नेवाचे आहेत. तुमचं आपसात काय आहे थे तुमी पाहा. साकोलीचा एक मानूस आहे, त्यालेच बोलावतो मी." रत्नपालनं, "नाई जी, ऐका ना, चूक माही आहे," असं म्हटलं, पण तिकडून फोन बंद झाला होता.

केवलरामचं घर गावाच्या कडेला. ओल्या पँटीनंच रत्नपाल चालत गेला. केवलराम अंगणात खाटेची दोरी ताणून बांधत होता. मागं तारेवर एक पांढरा शर्ट वाळत होता, नीळ दिलेला, कॉलर हातानं सरळ केलेली. शाळेच्या गाडीचे ड्रायव्हर पांढरा शर्ट घालतात.

रत्नपाल उभ्यानंच बोलला. आधी दरवाज्याचं, मग भोकांचं, मग उदारामचं. फोनच्या वेळी आपण गप्प होतो हेही सांगितलं. ते सांगताना एकच वाक्य तो दोनदा म्हणाला. केवलराम दोरी ओढत राहिला. उदारामचं नाव आलं तेव्हा एकदा त्याचा हात थांबला.

"नाई म्हनला का थो?"

"हो जी."

"हं." पुन्हा दोरी. गाठ मारून झाल्यावर त्यानं विचारलं, "अना तू हे मले कायले सांगाले आला?"

"माही चूक झाली काका."

"थे मले मालूमच होतं ना गा. मी पाइप मारत नाई हे मले तूच सांगनार का? ज्याईले मालूम नाई त्याईले सांग. जेथी बोलला होता तेथी सांग."

"सांगतो जी."

"थांब." केवलराम आत गेला, अंगात सदरा घालून आला. तारेवरच्या शर्टाला त्यानं हात लावला नाही. "चाल. मी बी येतो. नाई त रस्त्यातूनच मागं फिरशीन."

टपरीवर दुपारची गर्दी होती. याच लोकांपुढं रत्नपालच्या तोंडातून शब्द धो-धो यायचे. आता तो लीलाधरच्या स्टोव्हजवळ उभा राहिला आणि घसा साफ करत राहिला.

"काय पायजे? कट का फुल?" लीलाधरनं विचारलं.

"चहा नाई पायजे. थे... गोवर्धनभाऊच्या गाडीचे लॉक. थे केवलराम काकानं नाई बिघडवले. मीच बिघडवले. मागच्या साली भोकं लिंपले होते ना, त्याच्यानं पानी साचलं."

"जोऱ्यानं बोल गा," मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "स्टो चालू आहे."

रत्नपालला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. सगळं. एक-दोघं हसले. लीलाधर कप विसळता विसळता म्हणाला, "म्हनजे कंपनीले केशोरीचे उंदीर मालूम नव्हते, अना तुले केशोरीचा पाऊस मालूम नव्हता?" आता मात्र अख्खी टपरी हसली. "अरे ढोली मिस्त्री! धान कवा भरनार होता दरवाज्यात?"

ढोली मिस्त्री. नाव तिथंच चिकटलं. रत्नपाल हसायचा प्रयत्न करत उभा राहिला, पण ओठ साथ देईनात. त्यानं केवलरामकडं पाहिलं. केवलराम हसत नव्हता. तो बाकाच्या टोकाला बसून, पुढ्यात आलेला चहा बशीत ओतून पीत होता. श्रावणानंतर तो पहिल्यांदाच त्या बाकावर बसला होता, आणि लोकांनी सरकून त्याला जागा दिली होती.

गोवर्धन चाबी घेऊन आला. ती सरळ हातात द्यायचं त्याला जमलं नाही, बशीजवळ ठेवली. "केवलराम, उद्यापासून येजो बा गाडीवर. तुही वहिनी बी म्हनून राहिली होती, थो होता तवा बरं होतं."

"उदारामच्या गाडीवर गेलो असतो त बरं झालं असतं," केवलराम म्हणाला. चहा संपवला, बशी पालथी घातली आणि चाबी उचलली. नाही म्हणायची सोय त्याच्याकडं नव्हती, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन्ही मोटरी रत्नपालनं बदलल्या. दुकानात एक जुनी पण चालती होती, दुसरी त्यानं एका मोडीत पडलेल्या गाडीची काढून आणली. जोड घासून साफ केले, सगळ्या दरवाज्यांचे पॅड उघडून तळ पुसले, वाळवले. उंदरांसाठी भोकांना आतून बारीक जाळी लावली; पाणी जाईल, उंदीर येणार नाही अशी. हे मागच्या वर्षीही सुचू शकलं असतं. मग एक तांब्या पाणी त्यानं स्वतःच काचेवर ओतलं आणि वाकून पाहिलं. बुडाच्या भोकातून पाणी थेंब थेंब मातीत पडलं.

केवलराम ड्रायव्हरच्या सीटवर बसला. बोंडी दाबली. चारही दरवाजे एकदम बोलले, टक्. वर ओढली. टक्. नंतर शांत. तो उतरून मागचा डावा दरवाजा आतून आणि बाहेरून उघडून आला, रत्नपालच्या बोलण्यावर न विसंबता.

"झालं का जी बरोबर?" रत्नपालनं विचारलं.

"दिसते त झालं," केवलराम म्हणाला.

गाडी वळली. गचका नाही, काही नाही. ती त्याच्या हातात नेहमीसारखीच गुमान चालली. टपरीपाशी हळू झाली, मग दुकानासमोरून गेली. रत्नपाल हातात फडकं घेऊन उभा होता आणि त्याचा कान हॉर्नकडं लागला होता. गाडी पुढं निघून गेली. बांध्यांच्या वळणावर एका बैलगाडीसाठी हॉर्न वाजला, तो तेवढ्यापुरता.

बाकावर सकाळच्या बॅटऱ्या तशाच बुचं काढून पडल्या होत्या. एकीत माशी पडली होती. रत्नपालनं ती काडीनं काढली, चोचीची बाटली उचलली आणि पुढच्या खणात पाणी सोडू लागला.